भागूच्या हातातले कोयते

भागूच्या हातात कोयते दिले होते. एक नव्हे, दोन. आणि वर लिहिलं होतं, ‘खेळाडूंच्या मागणीवरून’. कोणत्या खेळाडूंच्या? सिंधुला तर कोणी विचारलं नव्हतं, आणि ‘चाहूल’ या खेळाच्या यादीत सिंधुच्या वर एकाचंही नाव नव्हतं.

नांदेडच्या एका सरकारी कार्यालयात जेवणाची सुट्टी चालू होती. सिंधु तिथली टेलिफोन ऑपरेटर. डबा उघडाच पडलेला, कानात इअरफोन, मांडीवर फोन, आणि तोंड असं झालेलं की शेजारच्या टेबलावरची बुद्धप्रिया हातातला घास तसाच धरून बघत राहिली.

“काय झालं गं? घरून काही निरोप हाय का?”

“भागूनं माणसं मारली.”

“आपल्या भागूनं?”

“आपल्याच. अकरा मारली. मी तर बोटसुद्धा धड लावलं नव्हतं.”

आता ही भागू कोण, ते सांगायला पाहिजे. ‘चाहूल’ हा मोबाइलवरचा खेळ. लातूरच्या पाच पोरांनी ‘कवाड’ नावाची कंपनी काढून तो बनवला. पहिला भाग आला, लोकांना आवडला, दोन वर्षांनी दुसरा आला. भागू ही त्यातली खेड्यातली बाई. बड्या लोकांनी गरिबाचं काहीबाही दाबून ठेवलेलं असतं, कुणाची बोरमाळ, कुणाच्या जमिनीचे कागद. भागू त्यांच्या गढीत, कोठीत, गोदामात शिरते आणि ते परत आणते. हातात हत्यार नाही. कुणाला मारायचं नाही, कुणाला दिसायचं नाही, कुणाला ऐकू जायचं नाही. पहारेकऱ्याला सुगावा लागला की मारामारी नाही, रक्त नाही, भागू सरळ वेशीबाहेर. पुन्हा पहिल्यापासून चाला.

चालायचं कसं, तर काचेवर बोट ठेवायचं आणि सरकवायचं. बोट जितकं हळू, तितकं भागूचं पाऊल हलकं. जरा घाई केली की फरशीवर टाच वाजली म्हणून समजा. पहारेकरी कुठं आहे ते कानानं ओळखायचं. एक खोकतो, एक चप्पल फरफटत चालतो, एक सुपारी कातरत बसतो. डाव्या कानात आला तर डावीकडं, उजव्या कानात आला तर उजवीकडं. एकेका गढीला तास तास लागायचा. ज्याला घाई असेल त्यानं या वाटेला जाऊच नये, असा तो खेळ.

सिंधुचे डोळे वयाच्या सहाव्या वर्षी गोवरात गेले. ‘दृष्टिहीनांसाठी खास’ असं लिहिलेल्या वस्तू तिला आयुष्यभर मिळत आल्या होत्या. खास काठी, खास घड्याळ, खास सहल. त्या सगळ्यांना दयेचा वास यायचा. ‘चाहूल’ मात्र कुणा आंधळ्यासाठी बनवलेला नव्हता. बनवणाऱ्यांच्या ते मनातही नव्हतं. त्यांनी आवाज इतके खरे भरले होते, की डोळे असले काय नि नसले काय, काही फरकच पडेना. सिंधुला हा शोध पहिल्या गढीतच लागला, आणि त्या दिवशी ती एकटीच खोलीत बसून हसली होती.

दुसऱ्या भागातल्या अठराच्या अठरा गढ्या तिनं ‘बिनचाहूल’ केल्या, म्हणजे एकाही पहारेकऱ्याला एकदाही शंका न येऊ देता. यादीत पहिलं नाव, सिंधु, अर्धापूर. पुण्या-मुंबईची चांगली डोळस माणसं खेळाडूंच्या ग्रुपवर तिला विचारायची, ताई, अकरावी गढी कशी पार केली? ती सांगायची, दोनदा खोकला की तो वळतो, तिसऱ्यांदा खोकला तर वळत नाही. माणसं आभार मानायची. तिच्या डोळ्यांचं कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. बाकी सगळीकडं ती बिचारी होती. कार्यालयात, बसमध्ये, भावाच्या घरी, लग्नाच्या मांडवात. त्या यादीत नव्हती.

आणि आता हा तिसरा भाग. नाव काय, तर ‘रणरागिणी’. बाजारात यायच्या महिनाभर आधी नमुना म्हणून एक गढी खेळायला दिली होती, तीच सिंधुनं जेवणाच्या सुट्टीत उघडली. उघडल्याबरोबर ढोल-ताशा. पहारेकरी खोकतोय की फरफटतोय, ऐकायला जागाच नाही. भागू धावत सुटलेली. पाच-पाच, दहा-दहा जण अंगावर येतात, पडद्यावर लाल गोल उमटतो, तो अर्ध्या सेकंदात दाबायचा, की भागू कोयता फिरवते. लाल गोलाला आवाज नाही. सिंधुनं कुठं दाबायचं? नुसती बोटं आपटत राहिली आणि त्यातच अकरा मेले, बारावा हिच्यावर भारी पडला. वर फोननं वाचून दाखवलं, एक तारखेपासून जुने दोन्ही भाग बंद होतील, त्यांच्या जागी नवा, वेगवान अनुभव.

“वेगवान अनुभव म्हणं,” सिंधु म्हणाली. तिच्या डोक्यात तिडीक गेली होती. “अगं, ह्यांचं घर बांधायचं तर बांधा ना दुसरीकडं. माझं पाडून त्याच जागेवर कशाला?”

“लिही त्यांना,” बुद्धप्रिया म्हणाली.

लिहिलं. तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. चौथ्या वेळी सिंधुनं फोनच लावला. पलीकडून एक मुलगी म्हणाली, सर मीटिंगमध्ये आहेत. आता हे वाक्य सिंधु स्वतः चौदा वर्षं दिवसातून वीसदा बोलत आली होती. साहेब खरंच मीटिंगमध्ये असले तर ते कसं ऐकू येतं आणि समोर बसून हातानं नको नको करत असले तर कसं, हे तिला शिकवायची गरज नव्हती.

“बाई,” ती म्हणाली, “मी पण ह्याच धंद्यातली हाय. साहेबांच्या हातात द्या.”

दिला. साहेब म्हणजे संगमेश्वर, ‘कवाड’चा मालक. आवाजावरून पस्तिशीचा, बोलणं गोड, मधूनच उदगीरकडचा हेल. सिंधुनं मुद्द्याला हात घातला. जुने भाग बंद करू नका. निदान नव्यात हळू चालायची वाट ठेवा, ढोल बंद करायची सोय ठेवा.

“ताई, तुमचं बरोबर हाय,” संगमेश्वर म्हणाला, “पण मार्केट बदलून गेलंय. आजकालची पोरं दोन मिनिटं थांबत न्हाईत. काही फुटलं न्हाई, तुटलं न्हाई, तर गेम काढून टाकतात. तुमच्यासारखे सावकाश खेळणारे किती? हाताच्या बोटावर मोजण्याइतके.”

“मी यादीत पहिली हाय.”

“अरे वा. सिंधु अर्धापूर म्हणजे तुम्ही का? पण मग तुम्हाला काय अवघड? तुमच्यासारख्या तर हे लाल गोल चुटकीसरशी दाबतील.”

“मला दिसत न्हाई,” सिंधु म्हणाली. “लहानपणापासून न्हाई दिसत.”

हे तिला सांगायचं नव्हतं. तोंडातून गेलं. आणि मग माणूस कसा बदलतो ते सिंधुनं ऐकलं. पुढचं वाक्य आलं ते पाकात घोळवून.

“ताई. काय बोलून राहिलात तुम्ही. म्हणजे न बघता, सगळ्या गढ्या? ताई, तुम्ही तर आमची प्रेरणा हायत.”

सिंधुला त्या शब्दाची चीड होती. पण खेळ वाचवायचा होता, म्हणून गिळली. संगमेश्वर बोलतच सुटला. तिसऱ्या भागाचं प्रकाशन लातूरला आहे, तुम्ही या, तुमचा सत्कार करतो, पहिला डाव तुमच्या हातून.

“मला सत्कार नको. वाट पाहिजे. हळू चालायची.”

“ठेवतो ना. ‘सावकाश रस्ता’ म्हणूनच ठेवतो, नाव पण ठरलं बघा. ढोल नको, लाल गोल नको, जुनी भागू जशीच्या तशी. ताई, आमचं उदगीरला तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान हाय. आमच्या घरात शब्द दिला म्हणजे दिला.”

सिंधुनं फोन ठेवला आणि तिचा जीव भांड्यात पडला. बुद्धप्रियाचा नाही पडला. “सत्काराची घाई ज्याला, त्याच्या पोटात काहीतरी असतं,” ती म्हणाली, पण सुट्टी टाकून लातूरला मात्र सोबत आली.

नांदेडहून बस निघाली, लोहा झालं, अहमदपूर झालं. चाकूरला बस थांबली तेव्हा बुद्धप्रियानं चहा आणून सिंधुच्या हातात दिला. सिंधु सगळ्या रस्त्यानं एकच बोलत होती, की सावकाश रस्त्यात पहारेकरी जुनेच असतील का, की नवे खोकणारे शोधले असतील. चौतीस वर्षांची बाई, पण बोलणं जत्रेला निघालेल्या पोरीचं.

कार्यक्रम अकराचा होता, म्हणजे साडेबाराला सुरू व्हायचा. सभागृहात शिरताच अत्तराचा फवारा आला, कुणीतरी ‘दिव्यांग मॅडम आल्या’ असं ओरडलं, आणि एका पोरानं येऊन सिंधुचा दंड धरला. विचारलं नाही, धरला. तिनं तो सोडवून बुद्धप्रियाच्या कोपराला हात लावला.

“मी वीरेश,” ते पोरगं म्हणालं. बावीस-तेवीसचं असावं. “खेळातले आवाज मी भरतो, ताई.”

सिंधु जागीच थांबली. ज्याच्या कामावर तिनं पाच वर्षं जीव लावला, तो हा. “तो फरफटत चालणारा कोण हाय?”

“माझे आजोबा. मी त्यांना आमच्या घरावरच्या माळवदावर चालवलं होतं, माइक घेऊन पुढं पुढं. दिवसभर चालले बिचारे.”

“आणि सुपारीवाला?”

“ते पण तेच.”

सिंधु हसली. “नव्यात हायत का ते? सावकाश रस्त्यात?”

“सर सांगतील,” वीरेश म्हणाला, आणि पावलं झपझप लांब गेली.

हे उत्तर सिंधुला आवडलं नाही. तेवढ्यात संगमेश्वर आला, ताई ताई करत. तिनं तोंडावरच विचारलं, रस्ता झाला का तयार? “झालाय, झालाय. आज तुम्ही तोच खेळणार. तुम्ही फक्त बसा, आम्ही सगळं बघतो.” विश्वास ठेवला बाईनं. दुसरं काय करणार होती? तीन पिढ्यांचं दुकान सांगितलं होतं त्यानं.

मग सुरू झाला सत्कार. शाल आली, नारळ आला, पुष्पगुच्छ आला, तो नाकाला टोचला. निवेदकाला तर नुसता ऊत आला होता. नियतीनं दृष्टी हिरावली पण जिद्द हिरावली नाही, डोळसांना लाजवील अशी ही आमची भगिनी, अंधारातली ही पणती. अंधारातली म्हणे. कोणता अंधार? सिंधुचा पगार चालू होता, पेन्शन पुढं होती, अठरा गढ्या बिनचाहूल होत्या. टाळ्या वाजल्या. ताई, जरा वर बघा, फोटो. जरा नारळ वर धरा. तिच्या हनुवटीला कुणीतरी बोट लावून तोंड कॅमेऱ्याकडं वळवलं. बोट कुणाचं होतं ते कळलं असतं तर तिनं तिथंच मोडलं असतं.

“आणि आता,” निवेदक म्हणाला, “दृष्टिहीन सिंधुताई आपल्या हातांनी खेळून दाखवणार आहेत ‘रणरागिणी’चा पहिला डाव. मागच्या मोठ्या पडद्यावर आपण सगळे पाहू या.”

तिला खुर्चीवर बसवलं, पुढं टेबल, टेबलावर माइक. हातात फोन दिला. “माझे इअरफोन हायत पर्समध्ये,” ती म्हणाली.

“नको ताई, सगळ्यांना ऐकू आलं पाहिजे. सुरू करा.”

सिंधुनं काचेवर बोट ठेवलं आणि सरकवलं, हळू, अगदी पहिल्या गढीत सरकवलं होतं तसं. सभागृहातल्या कर्ण्यांतून ढोल-ताशा फुटला. भागू धावली. धाडधाड, फरशी हादरवत. कोयता खणाणला, कुणीतरी किंचाळलं. टाळ्या.

ढोल कसा काय? तिनं बोट थांबवलं. भागू थांबली नाही. बोट उचललं. आणखी दोघं किंचाळले, आणि निवेदक म्हणाला, “वा, ताई, वा, काय चपळाई.” सिंधुनं फोन कानाशी नेला. फोन मुका होता. तळवा टाकून तिनं सगळी काच झाकली, दाबून धरली. कर्ण्यात भागू गर्जत होती, आणि माणसं एकामागोमाग पडत होती. लोकांना चेव आला, पोरं शिट्ट्या मारायला लागली. आंधळी बाई चाळीस माणसं लोळवते म्हटल्यावर शिट्ट्या नाही तर काय मारणार.

तिच्या हातात खेळच नव्हता. कुणीतरी मागं बसून खेळत होतं. तिला नुसतं फोन देऊन बसवलं होतं, दुकानाबाहेर साडी नेसवून पुतळा उभा करतात तसं. सावकाश रस्ता नव्हता. कधीच नव्हता. तीन तास बोलत आली होती ती बसमध्ये, पहारेकरी जुने की नवे म्हणून.

इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मग ती लाज आपली नव्हेच हे तिला कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं फोन टेबलावर ठेवला. पालथा. दोन्ही हात वर केले, बोटं पसरली, सगळ्या सभागृहाला दिसतील अशी, आणि तशीच बसून राहिली.

कर्ण्यात भागू कापतच होती. खेळणाऱ्याचं लक्ष खेळात असावं, मंचावर कशाला बघतोय तो. टाळ्या आधी पुढच्या रांगेतल्या थांबल्या, मग मागच्या. एक पोरगं म्हणालं, “अरे, फोन तर खाली हाय.” दुसरं हसलं. संगमेश्वर तिच्या कानाशी आला, आवाज दाबून, “ताई, हातात घ्या, हातात घ्या, शूटिंग चालू हाय.”

सिंधुनं चाचपून माइक उचलला.

“खेळून कोण राहिलंय हे?” ती म्हणाली. तिचा तो कामाचा आवाज होता, स्वच्छ, सरळ, पलीकडच्या टोकाला पोचणारा. “माझे हात तर इथं हायत. कुणाचे हायत ते?”

पडद्यामागं खुर्ची सरकली. ढोल मध्येच तुटला, कोयता अर्ध्यात राहिला. “मी, ताई,” वीरेश तिकडूनच म्हणाला, रडवेला. “मला सांगितलं होतं.”

“टेक्निकल प्रॉब्लेम हाय, दोन मिनिटं फक्त,” संगमेश्वर लोकांना म्हणत होता, पण आता माइक त्याच्याकडं नव्हता.

सभागृह गप्प झालं होतं. सकाळपासून पहिल्यांदा सिंधुला तिथं काही ऐकू यायला लागलं. वरचा एक पंखा घासत होता. तिसऱ्या रांगेत कुणीतरी बांगड्या सावरल्या. दारापाशी बुद्धप्रिया नाक ओढत होती, रागावली की ती ओढायची तसं. आणि डाव्या अंगाला, दोन पावलांवर, नवे बूट करकरले. संगमेश्वर मागं सरकत होता, हळू, आवाज होऊ नये म्हणून टाच उचलून.

“कुठं चालला?” सिंधु म्हणाली.

बूट थांबले.

ती उठली. डावीकडं वळली, दोन पावलं टाकली, आणि नेमकी त्याच्या पुढ्यात उभी राहिली. शाल घसरून खाली पडली, ती तिनं उचलली नाही.

“तुम्ही शब्द दिला होता. उदगीरचं दुकान सांगितलं होतं. मला सत्कार नको म्हणाले होते मी, वाट पाहिजे म्हणाले होते. आता एवढ्या लोकांपुढं सांगा. तुमच्या खेळात माझ्यासाठी सावकाश रस्ता हाय का? हाव म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा. प्रेरणा नका म्हणू.”

संगमेश्वरचे बूट जागच्या जागी करकरले. त्याचा श्वास तिला लागत होता. मागं कुणीतरी म्हणालं, “सांगा की.” आणखी एकानं म्हटलं. मग चार-पाच जण.

“न्हाई,” तो म्हणाला. पुटपुटला खरं तर, फक्त हिलाच ऐकू जावं इतक्या बारीक आवाजात. पण माइक सिंधुनं त्याच्या ओठांपाशी धरलेला होता, बोटभरही इकडं तिकडं नाही, आणि ते ‘न्हाई’ सगळ्या कर्ण्यांतून शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.